आवाज प्रिसिजनचा, हात आपला

"सर, आवाज हाच हवा. पण असा बेस नको."

गेल्या जूनमध्ये माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलीने माझा प्रिसिजन बेस मांडीवरून उतरवला, गादीवर ठेवला आणि डाव्या हाताची बोटं झटकली. अर्धा तास ती पहिल्या चार फ्रेटमध्ये वाजवत होती. सूर स्वच्छ येत होते, लय पक्की होती. पण करंगळी चौथ्या फ्रेटवर न्यायची वेळ आली की मनगट दुमडत होतं आणि खांदा कानापाशी जात होता. तिचं म्हणणं मला लगेच पटलं.

हीच मागणी मी वेगवेगळ्या तोंडून ऐकत आलोय. वाद्यवृंदात तीन-तीन तास उभं राहून वाजवणाऱ्याचा खांदा भरून येतो. सहा तारांच्या गिटारवरून बेसकडे वळलेल्याला जाड नेक मुठीत मावत नाही. कुणाला तारा फार ताठ वाटतात. आवाज मात्र सगळ्यांना तोच हवा असतो, साठच्या दशकातल्या ध्वनिमुद्रणांमधला, गोल आणि भरीव. मग मंडळी दुकानात जातात आणि प्रिसिजनसारखा दिसणारा, पण थोडा हलका किंवा थोडा स्वस्त बेस घेऊन येतात. महिन्याभरात लक्षात येतं की हाताची तक्रार तशीच आहे आणि आवाजही तो नाही.

माझं सांगणं एवढंच आहे की बेसचा आवाज ज्या जागांतून येतो त्या जागा वेगळ्या आणि तो हाताला कसा लागतो हे ठरवणाऱ्या जागा वेगळ्या. पहिल्या जागा सांभाळा, दुसऱ्या हव्या तशा बदला. हे जमलं की शोध सोपा होतो, आणि पुष्कळदा नवा बेस घ्यायचीही गरज उरत नाही.

आधी त्या आवाजाबद्दल. लिओ फेंडरने १९५१ साली कॅलिफोर्नियातल्या फुलरटनमध्ये प्रिसिजन बेस तयार केला. तोवर बेस म्हणजे उभा, माणसापेक्षा उंच डबल बेस. तो वाहून नेणं कठीण, आणि ड्रम व ब्रास सुरू झाले की ऐकू येणंही कठीण. फेंडरच्या बेसला फ्रेट होते, म्हणून सूर नेमका लागायचा. 'प्रिसिजन' हे नाव त्यावरूनच आलं. पण आपण ज्या आवाजाच्या मागे असतो तो खरा १९५७ नंतरचा. त्या वर्षी पिकअप दोन तुकड्यांत विभागला गेला. ई आणि ए या जाड तारांखालचा तुकडा नेकच्या बाजूला, डी आणि जी खालचा ब्रिजच्या बाजूला. दोन्ही वेटोळी एकमेकांच्या उलट जोडलेली, त्यामुळे विजेची घरघर जाते आणि सूर राहतो.

या पिकअपवर डेट्रॉइटमध्ये मोटाऊन या रेकॉर्ड कंपनीसाठी जेम्स जेमरसन वाजवत होता, मेम्फिसमध्ये स्टॅक्ससाठी डोनाल्ड 'डक' डन वाजवत होता आणि लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंमध्ये कॅरोल के वाजवत होत्या. जेमरसन उजव्या हाताच्या फक्त तर्जनीने वाजवायचा. कॅरोल के प्लेक्ट्रम वापरायच्या आणि ब्रिजजवळ तारांवर फेल्टचा तुकडा ठेवायच्या. हातांच्या पद्धती इतक्या वेगळ्या असूनही आवाजाचं घराणं एकच राहिलं, कारण पिकअप एकाच जागी होता आणि तारा फ्लॅटवाउंड, म्हणजे चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या होत्या. आपल्याकडे राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांचा बेस ऐकत माझ्या पिढीचे कान तयार झाले. गाण्याच्या तळाशी राहून गाणं पुढे नेणारा बेस कसा असतो ते आम्ही तिथे शिकलो.

तर या आवाजाच्या जागा कोणत्या?

सगळ्यात महत्त्वाची म्हणजे पिकअपची जागा. तंबोऱ्याची तार मधोमध छेडा आणि मग घोडीजवळ छेडा, फरक कुणालाही ऐकू येतो. मध्ये गोलाई, घोडीजवळ धार. पिकअपचंही तसंच आहे. तार पूर्ण लांबीत हलत असते आणि तिच्यात अनेक स्वरांश एकाच वेळी असतात, पण पिकअपला फक्त त्याच्या डोक्यावरचा तारेचा भाग 'ऐकू' येतो. तो ब्रिजजवळ असेल तर वरचे स्वरांश ठळक होतात आणि आत असेल तर मूळ स्वर. प्रिसिजनचा पिकअप ब्रिजपासून बराच आत आहे, तरी नेकला चिकटलेला नाही. ही जागा चुकली की पिकअप कितीही महाग असो, तो आवाज येत नाही.

दुसरी जागा तारांची. तिसरी जागा, तार किती लवकर थांबते याची. जेमरसनच्या बेसवर ब्रिजच्या झाकणाखाली फोमची पट्टी होती, तिने तार किंचित दाबलेली राहायची. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात ना, तसंच काम ती पट्टी करते. झणझणाट खाली बसतो, घुमारा वर येतो. चौथी जागा म्हणजे तुमचा उजवा हात, तो कुठे वाजवतो आणि किती जोराने. आणि शेवटी टोनचं बटण. बेस पॅसिव्ह असला, म्हणजे त्यात बॅटरीवरचं सर्किट नसलं, तर हे बटण फक्त वरची धार कमी करतं. अर्ध्यापर्यंत खाली आणलं की ओळखीचा आवाज समोर येतो. लाकडाचा परिणाम काहीच नसतो असं मी म्हणणार नाही, पण वर सांगितलेल्या गोष्टींपुढे तो फार थोडा.

आता हाताच्या जागा बघा. तारेची मोकळी लांबी, म्हणजे स्केल. नटपाशी, म्हणजे हेडकडच्या खाचांच्या पट्टीपाशी, नेक किती रुंद, मागे किती जाड. फिंगरबोर्डला गोलाई किती. तारांचा ताण, त्यांची उंची, एकमेकींतलं अंतर. वजन. पट्ट्यावर अडकवल्यावर बेस कुठे झुकतो. नेकच्या पाठीवर चकचकीत लाखेचा थर आहे की बोट सरकेल असा मऊ. या यादीतलं फारच थोडं आधीच्या यादीत येतं. मोकळीक तिथेच आहे.

खरेदीचा विचार करण्याआधी मात्र तुमच्याजवळ आहे तो बेस नीट लावलेला आहे का ते बघा. इथे मी थोडा आग्रही आहे. 'हा बेस माझ्या हाताचा नाही' म्हणून विकायला काढलेले कितीतरी बेस मी पाहिलेत. बेस चांगलाच होता, फक्त तो कुणी कधी लावलाच नव्हता.

तिसऱ्या फ्रेटवर तार दाबा आणि पहिल्या फ्रेटवर ती किती वर राहते ते डोळे जवळ नेऊन बघा. जेमतेम एखादा केस जाईल इतकीच फट हवी. नव्या स्वस्त बेसवर इथे चक्क जाड कार्ड जातं, कारण नटच्या खाचा पुरेशा खोल केलेल्या नसतात. पहिल्या चार फ्रेटमध्ये बोटं दुखण्याचं हे सगळ्यात मोठं कारण. पण नटच्या खाचा घरी कानशीने घासू नका. एक घास जास्त झाली की तार फ्रेटवर खरखरते आणि मग नट बदलावाच लागतो. हे काम जाणकार कारागिराला द्या, अर्ध्या तासाचं काम आहे.

मग नेकची वाक. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा, शेवटच्या फ्रेटवर ई तार दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यातली फट मोजा. सर्वसाधारण फेंडर धाटणीच्या बेसवर ती ०.३ मिलिमीटरच्या आसपास असावी. जास्त असेल तर नेक पुढे वाकली आहे आणि नेकच्या आतला ट्रस रॉड थोडा आवळायला हवा. थोडा म्हणजे पाव फेरा, मग थांबायचं, पुन्हा मोजायचं. त्यानंतर सतराव्या फ्रेटवर तारांची उंची बघा. ई तार २.४ मिलिमीटर आणि जी तार २ मिलिमीटर, हा चांगला सुरुवातीचा आकडा आहे. तुम्ही जोरात वाजवत असाल तर थोडी वर ठेवा. ही तीन मापं जुळली की तोच बेस वेगळा वाटायला लागतो. माझ्या त्या विद्यार्थिनीच्या हातात माझा बेस होता आणि मी तो माझ्यासाठी लावलेला होता, तारा उंच आणि ताठ. त्यामुळे तिची निम्मी तक्रार बेसची नव्हतीच, माझ्या आवडीची होती.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. मनगट किंवा अंगठा वाजवणं थांबवल्यावरही दुखत असेल, रात्री बोटांना मुंग्या येत असतील, तर आधी डॉक्टरांकडे जा. बेस बदलून ते बरं होत नाही.

सेटअप झाला की तारांकडे वळा, कारण थोड्या खर्चात सगळ्यात मोठा बदल इथे होतो. दुकानातून येणाऱ्या बहुतेक बेसवर राउंडवाउंड तारा असतात, गोल तारेने गुंडाळलेल्या. बोटाखाली खडबडीत, आवाज पियानोसारखा चमकदार. साठच्या दशकात रोटोसाउंडने अशा तारा बाजारात आणल्या, 'द हू'च्या जॉन एन्टविसलने त्यांची धार जगाला ऐकवली, आणि पुढची रॉकची दुनिया तिकडे गेली. पण आपल्याला हवा असलेला आवाज त्याआधीचा आहे आणि तो फ्लॅटवाउंडवर येतो. हात फिरवलात तर काचेसारख्या गुळगुळीत लागतात.

इथे एक गैरसमज आहे. फ्लॅटवाउंड म्हणजे ताठ तारा, असं सरसकट मानतात. खरं तर एकाच प्रकारात दोन टोकं आहेत. ला बेला कंपनी जेमरसनच्या नावाने जो संच विकते त्यात तारा इंचाच्या हजाराव्या भागात ५२ पासून ११० पर्यंत जाड आहेत. दोरखंडासारख्या. त्याच्या उलट व्हिएन्नाच्या थोमास्टिक-इन्फेल्डचा जॅझ फ्लॅट संच ४३, ५६, ७० आणि १०० असा आहे आणि हाताला विलक्षण मऊ लागतो. दोन्ही फ्लॅटवाउंडच, दोन्हींतून जुनं वळण ऐकू येतं, पण हाताला फरक इतका की डोळे मिटून वाजवलं तर बेस बदलल्यासारखं वाटतं. थोमास्टिकमध्ये मधले स्वर जास्त गातात आणि ला बेलात ठोका जास्त भरतो. तुमचा हात नाजूक असेल तर मी आधी मऊ संच लावायला सांगेन आणि ब्रिजजवळ फोम ठेवून ठोका परत आणायला सांगेन. स्वयंपाकघरातल्या स्पंजचा बोटभर जाड तुकडाही चालतो. तारांखाली सरकवा, इतकाच की तार त्याला जेमतेम टेकेल. सूर मेल्यासारखा वाटला तर तुकडा पातळ करा.

तारा बदलताना दोन काळज्या घ्या. फार जाड संच जुन्या नटच्या खाचेत बसत नाही, वर तरंगतो. आणि तार कापायची असेल तर आधी खुंटीपाशी काटकोनात दुमडा, मगच कापा. सरळ तार कापली की गुंडाळी आतल्या गाभ्यावरून निसटते आणि तार मरते.

तारांनी भागलं नाही तर नेक. फेंडरने १९६० मध्ये जॅझ बेस आणला, त्याची नेक नटपाशी दीड इंच, म्हणजे ३८ मिलिमीटर. पन्नासच्या दशकातल्या प्रिसिजनची पावणेदोन इंच, ४४ मिलिमीटरच्या पुढे. सहा मिलिमीटरचा हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, मुठीत मात्र एका बोटाएवढा जाणवतो. साठच्या दशकात फेंडर प्रिसिजनवरसुद्धा वेगवेगळ्या रुंदीच्या नेक बसवून द्यायचा. दीड इंचाच्या नेकवर ए हे अक्षर असायचं, मधल्यावर बी, रुंदावर सी. म्हणजे प्रिसिजनचा आवाज आणि जॅझची बारीक नेक ही मागणी आजची नाही, खुद्द फेंडरच्या कारखान्यात ती पुरवली जात होती.

आजही हा मार्ग मोकळा आहे. प्रिसिजन आणि जॅझच्या मानक नेक एकमेकांच्या खाचेत बसतात, स्केल दोन्हीकडे ३४ इंच आणि फ्रेट वीस. पिकअप, तारांची लांबी, ब्रिज काहीच हलत नाही, म्हणून आवाजाच्या जागा शाबूत राहतात. फेंडरच्या जपानी कारखान्यात ऐंशीच्या दशकात जॅझ बेस स्पेशल नावाचा असा बेस बनत असे. अंग प्रिसिजनचं, नेक जॅझची. 'गन्स अँड रोझेस'च्या डफ मॅकेगनच्या हातात तो सगळ्यांनी पाहिला. ज्यांची अडचण फक्त नेकच्या जाडीची आहे, लांब पोचण्याची नाही, त्यांना मी याच वाटेने पाठवतो. मात्र दुसऱ्या कंपनीची किंवा सत्तरच्या दशकातली तीन स्क्रूंची नेक घेणार असाल तर खाचेचं माप प्रत्यक्ष घ्या, अंदाजावर पैसे देऊ नका.

आणि ज्यांना लांब पोचता येत नाही त्यांच्यासाठी शॉर्ट स्केल.

याबद्दल आपल्याकडे अजून एक अढी आहे, लहान स्केलचा बेस म्हणजे मुलांचं खेळणं. पॉल मॅकार्टनीने बीटल्समध्ये ज्या होफनरवर वाजवलं तो ३० इंचीच होता. 'क्रीम' या बँडमध्ये जॅक ब्रूसच्या हातात गिब्सन ईबी-३ होता, तोही लहान स्केलचाच. फेंडरचा मस्टँग बेस १९६६ चा, तोही ३० इंची.

फरक किती पडतो तो मोजून दाखवतो. ३४ इंची बेसवर नटपासून चौथ्या फ्रेटपर्यंतचं अंतर सुमारे १७८ मिलिमीटर येतं. ३० इंचीवर तेच १५७ मिलिमीटर. एकवीस मिलिमीटर, म्हणजे अंगठ्याच्या रुंदीएवढी सूट. ज्या मुलीची करंगळी अंगठ्याएवढ्या अंतरानेच कमी पडत होती तिच्यासाठी हे सगळंच आहे. शिवाय तीच तार त्याच सुरात लहान स्केलवर लावली तर ताण जवळजवळ २२ टक्क्यांनी उतरतो, कारण ताण लांबीच्या वर्गाप्रमाणे बदलतो. बोटांना आराम मिळतो. पण ई तार सैल वाटू शकते आणि जोरात वाजवणाऱ्याच्या हातात सूर सुरुवातीला किंचित चढतो. त्यावर उपाय थोडी जाड तार, आणि फ्लॅटवाउंड. मधली वाट ३२ इंचांची, तिथे ताण साधारण ११ टक्के कमी होतो. असे बेस बाजारात कमी असतात, पण मिळाला तर दुर्लक्ष करू नका.

आवाजाचं काय? प्रामाणिकपणे सांगतो. शॉर्ट स्केलवर मूळ स्वर अधिक गोल आणि फुगीर होतो, वरची धार कमी होते. एकटा वाजवला तर मला फरक कळतो. ड्रम, कीबोर्ड आणि गायक सुरू झाल्यावर कळत नाही. आपल्याला साठच्या दशकातला ठोकाच हवा असेल तर हा बदल तोट्याचा नाही, उलट त्याच दिशेचा आहे. अट एकच, पिकअप प्रिसिजनच्या घराण्यातला असावा आणि तारेच्या लांबीच्या प्रमाणात साधारण त्याच जागी असावा. मूळ मस्टँगचा पिकअप दोन तुकड्यांचाच आहे, लहान आकाराचा. फेंडरने पुढे प्रिसिजन आणि जॅझ अशा दोन्ही पिकअपचा मस्टँग काढला. इबानेझच्या टॅलमन मालिकेतही ३० इंची बेस याच जोडीचा आहे.

ही दोन पिकअपची जोडी कुठल्याही स्केलवर दिसली तर एक गोष्ट लक्षात ठेवा. दोन्ही पिकअप पूर्ण उघडून वाजवलं की मधले स्वर पोकळ होतात आणि 'हा तर प्रिसिजनसारखा वाजतच नाही' असं वाटून माणूस बेस परत ठेवतो. ब्रिजकडचा पिकअप शून्यावर आणा. मग ऐका.

या शोधात काही नामांकित बेस तुम्हाला भुरळ घालतील. म्युझिक मॅन स्टिंगरे १९७६ चा, लिओ फेंडरच्याच डोक्यातला आणि अप्रतिम. पण त्याचा पिकअप ब्रिजच्या बाजूला आहे आणि आत बॅटरीचं सर्किट आहे. आवाज वेगळाच. रिकनबॅकर ४००१ चं स्केल ३३ इंचांहून थोडंच जास्त आणि धार तलवारीची. होफनर हातात पिसासारखा हलका, आतून पोकळ, त्याचा आवाज त्याचाच. हे सगळे अभिजात आवाज आहेत, त्यांच्यासाठीच घ्यायचे असतील तर जरूर घ्या. प्रिसिजनच्या आवाजासाठी घेऊ नका. बारीक नेकसाठी प्रसिद्ध असलेली इबानेझची एसआर मालिकाही हाताला फार सुखाची आहे, पण तिच्यातल्या बहुतेक बेसवर पिकअप वेगळ्या धाटणीचे असतात.

आता दुकानात. धोबी तलावच्या वाद्यांच्या दुकानांत असो, पुण्यात असो की कुणाच्या घरी जुना बेस बघायला गेला असाल, पहिली दहा मिनिटं वायर जोडूच नका. पट्टा लावून उभे राहा. घरी ज्या उंचीवर घेता त्याच उंचीवर. डावा हात सोडून द्या. नेक खाली कोसळत असेल तर तो बेस तुम्ही रोज डाव्या हाताने उचलून धरणार आहात आणि तिसऱ्या तासाला खांदा हिशेब मागणार आहे. मग पहिल्या फ्रेटवर हात न्या. बेस किती लांब वाटतो हे फक्त स्केलवर ठरत नाही, पट्टा अडकवायची वरची खुंटी कुठे आहे यावरही ठरतं. वरचं शिंग आखूड असलं की अख्खा बेस डावीकडे सरकतो आणि पहिला फ्रेट दूर जातो. म्हणून ३४ इंचांचे दोन बेस हाताला दोन इंचांनी वेगळे वाटू शकतात. बसून वाजवलेल्या बेसवर कधीही निर्णय घेऊ नका.

मग वायर. अ‍ॅम्पचे सगळे खुंटे मध्यावर, बेसचा आवाज पूर्ण, टोन अर्ध्यावर. दुकानातल्या बेसवर राउंडवाउंड तारा असणार, म्हणून जाताना खिशात स्पंजचा तुकडा घेऊन जा आणि परवानगी घेऊन ब्रिजजवळ सरकवा. तार फ्लॅटवाउंड झाली नाही तरी बेसचा मूळ स्वभाव ऐकू येतो. वाजवायची ओळ एकच ठरवा, तुमच्या हातात मुरलेली, आणि प्रत्येक बेसवर तीच वाजवा. फोनवर ध्वनिमुद्रण करा. घरी आल्यावर सोबतच्या माणसाला क्रम बदलून ऐकवायला सांगा आणि कुठला बेस आहे हे न कळता निवडा. हा खटाटोप वाटेल. पण रंग आणि हेडवरचं नाव दिसत असताना कान निम्मा बहिरा होतो, हे मी स्वतःवर पुन्हा पुन्हा अनुभवलंय.

आणखी एक जागा जरूर तपासा. जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटमध्ये एकेक सूर लांब धरून ऐका. बऱ्याच फेंडर धाटणीच्या बेसवर इथला एखादा सूर शेजारच्यांपेक्षा लवकर विझतो, कारण त्या स्वराला नेकचंच लाकूड थरथरतं आणि तारेची ताकद पिऊन टाकतं. थोडंसं चालतं. सूर अगदीच बसत असेल तर तो बेस सोडा, दुसरा घ्या. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या बेसवर ती जागा जिवंत असू शकते.

जुना बेस घेत असाल तर हेडकडून नेकवर एक डोळा मिटून बघा. दोन्ही कडा सरळ धावायला हव्यात. वाक दुरुस्त होते, पीळ होत नाही. ट्रस रॉडचा नट फिरतो की जाम आहे ते विकणाऱ्यासमोर बघा. कोकण, मुंबई आणि गोव्यात राहणाऱ्यांनी तर खास करून, कारण आपल्या पावसाळ्यात लाकूड ओल पितं, नेक हलते आणि तारा वर येतात. जूनमध्ये सुखाचा असलेला बेस ऑगस्टमध्ये ताठ वाटतो आणि दिवाळीनंतर खरखरायला लागतो. वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि नंतर, वाकेचं माप घ्या. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने पुसा.

त्या मुलीबरोबर आम्ही हेच सगळं केलं. आधी तिच्या घरच्या स्वस्त बेसचा नट कारागिराकडून उतरवून घेतला, वाक लावली. तिला बरं वाटलं, पण करंगळी अजून ताणावी लागत होती. मग दोन रविवार बेस बघण्यात गेले. तिसऱ्या ठिकाणी वापरलेला एक ३० इंची बेस मिळाला, दोन तुकड्यांच्या पिकअपचा, वजनाला हलका. माझ्या खणात फ्लॅटवाउंडचा कोरा संच होता, तो लावायला मी उत्साहाने बसलो आणि थांबलो. तो ३४ इंची बेसचा होता. लांब संच आखूड बेसवर लावला तर तारेचा जाड भाग खुंटीवर गुंडाळला जातो आणि तुटतो. शॉर्ट स्केलचा संच मागवला, तो यायला दोन आठवडे लागले.

तारा चढवल्या, सूर लावला, ब्रिजपाशी स्पंज सरकवला, टोन अर्ध्यावर आणला. तिने उभी राहून जूनमधलीच ओळ वाजवायला घेतली. चौथ्या फ्रेटवर करंगळी पडली तेव्हा मी तिच्या खांद्याकडे बघत होतो. तो जागचा हलला नाही.